पंगत उठेपर्यंत

माझा नवरा लग्नांमध्ये लोकांना जेवू घालतो आणि स्वतः कधी पंगतीत बसत नाही. हे ऐकलं की लोक म्हणतात, "अहो, त्यांचं कामच आहे ते, बसतील कसे?" तसं नाही हो. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात, घोटीला, हे पाहुणे होते. घरचे जावई होते. माझ्या आईने हौसेने यांच्या पानाभोवती रांगोळी काढून ठेवली होती. मी हात धुऊन येते तोवर यांच्या एका हातात वरणाची बादली, दुसऱ्या हातात पळी आणि खांद्यावर टॉवेल. आईने कपाळाला हात लावला. जावयाने वरण वाढलं म्हणून आमच्या भावकीत अजून चेष्टा होते, आणि ती ऐकून घ्यायला मीच असते.

आमच्या स्वतःच्या लग्नातही तेच. मोजकी माणसं, देवळात लग्न, बाहेरच्या ओट्यावर जेवणं. मी नवी नवरी खाली मान घालून बसले होते. मान वर केली तर शेजारची जागा रिकामी. नवरदेव गळ्यातल्या हारासकट जिलेबीचं ताट घेऊन रांगेतून फिरत होते आणि वाकून वाकून म्हणत होते, "घ्या ना, अजून एक घ्या." त्या दिवशी मला हसू आलं होतं. पुढे पुढे हसू येईनासं झालं.

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. मी ब्लाऊज शिवते, सातपूरला घरातच मशीन आहे. गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा गळा बदलायला सांगितला तरी मी हसून बदलून देते. सगळा राग घरासाठी राखून ठेवते, आणि घरात आम्ही दोघंच, त्यामुळे तो सगळा यांच्याच वाट्याला येतो.

यांचं नाव काळू. गंगापूर रोडला ओळीने लॉन्स आहेत, तिथल्या लग्नांची जेवणं करणाऱ्या एका केटररकडे हे वाढप्यांचे मुकादम आहेत. मध्यंतरी जिकडेतिकडे बुफे आला तेव्हा मला वाटलं, आता यांचं काम सुटणार. पण लोकांची हौस फिरून परत आली. आता पैसेवाली माणसं मुद्दाम पंगत मागतात, वाढप्यांना फेटे बांधायला लावतात आणि वरून ड्रोनने शूटिंग करतात. हे त्या ड्रोनकडे ढुंकून बघत नाहीत. यांचं लक्ष पानांवर.

नवीन पोरगा कामाला आला की हे त्याला बादली कशी धरायची ते नंतर शिकवतात. आधी सांगतात, "नको म्हणणाऱ्याला एकदा परत विचारायचं. पहिलं नको लाजेचं असतं." आणि दुसरं म्हणजे, शेवटचा माणूस जेवतोय तोवर पानाला हात लावायचा नाही. आमच्याकडे पंगत एकदम उठते. सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी उठत नाही. एखादे आजोबा बोळक्या तोंडाने भात कालवत बसले, तर अख्खी रांग हात वाळवत गप्पा मारत बसते. पण लॉन्समध्ये मागे दुसरी पंगत उभी असते, लोकांना घाई असते, मालक डोळे वटारतो. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याची माणसं जागेसाठी खोळंबली होती आणि एक म्हातारी अजून जेवत होती. हे त्या म्हातारीच्या पुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि तिला म्हणाले, "आजी, सावकाश होऊ द्या." मालकाने नंतर चांगलंच झापलं. घरी येऊन हे मला सांगताना खुशीत होते.

असा माणूस स्वतः का बसत नाही, ते मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. बटाटे सोलता सोलता सांगितलं त्यांनी, तेही एकदाच.

हे पेठकडचे, डोंगरातले. आई द्राक्षाच्या हंगामात मजुरीला खाली आली होती, तिकडेच तापाने गेली. बापाने दुसरं घर केलं. पोर चुलत्याच्या दारात आलं. चुलती काही वाईट बाई नव्हती, असं हे म्हणतात. मी म्हणते, होती. लहान पोराला 'पांढऱ्या पायाचा' म्हणणारी, 'आईला खाऊन आलाय' म्हणणारी बाई वाईटच. घरात पोराला जेवायला बसवायचे आणि कोणी आलं की, "ऊठ रे, पाहुणे आलेत." अर्ध्या ताटावरून उठायचं. परत बसायला मिळेल याची खात्री नाही. म्हणून हे भराभर जेवायला शिकले. अजून तसेच जेवतात, घास गिळतात.

एकदा गावात लग्न होतं. कोणाचा तरी सदरा मागून घातला होता, आणि हे पहिल्यांदा सगळ्यांबरोबर पंगतीत बसले होते. पान मांडलं. भात आला. वरण आलं. तेवढ्यात नवरदेवाकडचा कोणीतरी जागा शोधत आला. चुलत्याने यांना दंडाला धरून उठवलं. सगळ्यांदेखत. म्हणाला, "हा काय घरचाच हाय, मागून जेवंल." मागून जेवण उरलंच नाही.

पुढे शाळा सुटली, गाव सुटलं, नाशिकला येऊन मार्केटमध्ये हमाली केली, मग एका आचाऱ्याने भांडी घासायला ठेवून घेतलं. एवढं सांगून यांनी सोललेले बटाटे पाण्यात टाकले आणि विचारलं, "मीठ कुठे ठेवलंस?"

आम्हाला मूल नाही. डॉक्टरने त्याचं कारण स्पष्ट सांगितलंय आणि ते माझ्या बाजूचं आहे. पण यांना विचाराल तर तेही यांच्या पायामुळे. माणूस स्वतःला किती कमी लेखतो याला काही धरबंध असावा की नाही? माझा जीव तुटतो आणि मग मी भांडते. मला दुसरं काही येत नाही.

तर लताबाई. लताबाई यांच्याच भटारखान्यात पुऱ्या लाटायला असते. कळवणकडची. नवरा मारायचा म्हणून लहान पोरीला काखेत घेऊन निघाली, तर सख्ख्या भावाने, खंडेरावने, दारातूनच परत फिरवलं होतं. "नांदायला जा, नायतर आम्हाला मेली समज." ती नांदायला गेली नाही. नाशिकला आली. पोरगी मीना भटारखान्याच्या मागच्या अंगणात पोत्यावर बसून अभ्यास करत वाढली, आणि आता एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला आहे. स्कूटी उडवत येते-जाते. तिचं लग्न ठरलं, मुलगा घोटीचाच, आमच्या माहेरच्या ओळखीतला.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी लताबाई आमच्या घरी आली. मी चहा टाकला. ती यांना म्हणाली, "भाऊ, एक मागणं हाय. मीनाचा मामा म्हणून तुम्ही उभं राहायचं."

हे चहा पीत होते, तो कप खाली ठेवला. लग्नात मामाचा मान केवढा असतो ते मी सांगायला नको. मामाने नवरीला पिवळी साडी घ्यायची, मामाने तिला हाताला धरून मांडवात आणायचं, मंगलाष्टका होईस्तोवर तिच्या मागे उभं राहायचं. गुरुजी माईकवरून मामांनाच हाका मारतात.

"मी नाय," हे म्हणाले.

"का पण?"

"माझा पाय चांगला नाय, लताबाई. दुसरं काय पण सांगा. अख्खं लग्न जेवू घालतो."

लताबाईने माझ्याकडे बघितलं. मी गॅसकडे बघत राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर पाहुणीसमोर शोभलं नसतं. ती गेली आणि मी सुरू झाले. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. हे शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सविता, पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय. उद्या तिच्या संसारात काय कमीजास्त झालं, तर मी कुठे तोंड दाखवू?"

माणूस भीतीने हे बोलत होता आणि त्या पोरीवरच्या मायेनेही बोलत होता. मी दणादण मशीन चालवत बसले आणि एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली.

दोन दिवसांनी मीना स्वतः आली. दारात स्कूटी लावली, हेल्मेट हातात धरूनच आत आली आणि यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"काका, मी लहान असताना एकदा मागे बसून कढईतली खरवड खात होते, आठवतं?"

"नाय आठवत," हे म्हणाले.

"मला आठवतं. तुम्ही आलात आणि मला हाताला धरून उठवलंत. मला वाटलं, आता हाकलून देतील. मी रडायला लागले. तुम्ही मला नळावर नेऊन हात धुवायला लावले आणि नेऊन पंगतीत बसवलंत. कडेला नाही, मधोमध. माझ्यापुढे नवीन पान मांडलंत. शेजारच्या बाईने विचारलं, ही कोणाची हो? तर तुम्ही म्हणालात, नवरीकडची आहे."

हे खाली बघत होते.

"आता मी नवरी आहे," मीना म्हणाली. "तर तुम्ही कोणाकडचे ते सांगा."

हे उठून आत गेले. माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला. मीनाने माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि मी तिला हाताने गप्प बस म्हटलं. बऱ्याच वेळाने हे बाहेर आले आणि तिच्याकडे न बघता मला विचारलं, "पिवळी साडी कुठे चांगली मिळंल?"

मेन रोडला गेलो. दुकानदाराने साड्यांचा ढीग घातला आणि यांनी एकेक साडी उजेडात नेऊन बघितली. मी दमले, हे दमले नाहीत. आणलेली साडी घरी कितीदा पिशवीतून काढली आणि परत ठेवली. मी यांच्यासाठी झब्बा शिवला. जन्मभर बायकांचे ब्लाऊज शिवलेली मी, पुरुषाचा झब्बा पहिल्यांदाच शिवत होते, डावा खांदा जरा चढला. हे म्हणाले, "झकास बसलाय." खोटं बोलायला यांना येत नाही, पण त्या दिवशी आलं.

लग्न गंगापूर गावाकडच्या एका छोट्या कार्यालयात होतं. भटारखान्यातल्या सगळ्यांनी ठरवलं होतं की जेवण आणि वाढप हाच आपला आहेर. अमोल, यांच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतः दोन पोरांचा बाप असलेला, तो त्या दिवशी मुकादम होता. आम्ही पोहोचलो तसा तो दारातच यांना आडवा झाला. "काका, आज भटारखान्यात पाय ठेवायचा नाही. ठेवलात तर मी पळी घेऊन मागे लागेन." सगळे हसले. हेही हसले. फेटा बांधून घेतला. फेट्यात हे काय दिसतात! मी चोरून फोटो काढला.

सकाळभर सगळं छान चाललं. हे मांडवाच्या तोंडाशी उभे राहून आल्या-गेल्याला नमस्कार करत होते, आणि कोणी विचारलं तर हळूच सांगत होते, "मी मामा, मुलीचा." दुसऱ्या-तिसऱ्यांदा सांगताना आवाज जरा मोठा झाला. मला मनातून इतकं बरं वाटत होतं की मला त्याचीच भीती वाटायला लागली.

मुहूर्ताला थोडा वेळ होता तेव्हा कार्यालयाच्या दारात एक जीप थांबली. त्यातून पांढरं धोतर, मोठा फेटा आणि मिशा असा एक माणूस उतरला, मागून दोन-चार बायामाणसं. लताबाईने हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवलं. तो खंडेराव होता.

बहीण-भाऊ गळ्यात पडून रडले. रडू खरं होतं, मी उगाच खोटं म्हणणार नाही. मग खंडेरावने डोळे पुसले आणि म्हणाला, "गावात समजलं की भाचीच्या मागं कोणी परका उभा राहतोय. मामा जिता असताना? मला गावात तोंड दाखवायला जागा राहील का?" लताबाईकडची म्हातारी माणसं भोवती जमली आणि माना हलवायला लागली. रक्ताचा मामा तो रक्ताचा मामा. कोणीतरी यांच्याकडे बोट दाखवलं. खंडेरावने यांना पायापासून फेट्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, अगदी सभ्यपणे विचारलं, "पाव्हणं, गाव कोणतं? घराणं कोणतं आपलं?"

लताबाई एकदा भावाकडे बघे, एकदा यांच्याकडे. इतक्या वर्षांनी माहेर दारात आलं होतं तिच्या. आज मला तिचं दुखणं कळतं, त्या क्षणी मात्र मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

तिला बोलायची वेळच यांनी येऊ दिली नाही. हसले, हात जोडले आणि म्हणाले, "तुम्हीच उभं राहा. मान तुमचाच हाय. मी आपला वाढायला हाय की." आणि वळले आणि चालायला लागले. चालताना फेटा काढून हातात घेतला.

मी भटारखान्यात पोहोचले तोवर यांनी बाह्या वर केल्या होत्या. फेटा गॅसच्या सिलिंडरवर ठेवला होता. बुंदीच्या परातीतून हे बादल्या भरत होते आणि अमोल बाजूला नुसता उभा होता.

"कोणी उठवलं तुम्हाला?" मी विचारलं. मी ओरडलेच असेन, कारण पुऱ्या तळणारी बाई दचकली.

"कोणी नाय."

"मग उठलात कशाला?"

यांनी पळी परातीत ठेवली. "उठवायच्या आधी आपणच उठलेलं बरं असतं, सविता. दंडाला धरून उठवलं की लय लागतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला वाटलं होतं मी यांना ओळखते. या माणसाने उभा जन्म असाच काढला होता, प्रत्येक ताटावरून, प्रत्येक घरातून, कोणी उठवेल म्हणून आधीच उठत. आमच्या लग्नातूनसुद्धा. मी तिथेच तेलकट भिंतीला टेकून रडायला लागले. नवीन साडीचं काय झालं असेल ते झालं.

बाहेर माईक सुरू झाला. "मुहूर्ताची वेळ जवळ आली आहे. नवरीच्या मामांनी नवरीला मांडवात घेऊन यावं." हे परत बुंदी भरायला लागले. थोड्या वेळाने परत, "नवरीचे मामा! नवरीचे मामा कुठे आहेत? लवकर घेऊन या." मग जरा चिडून, "अहो मामा, मुहूर्त टळतोय!"

भटारखान्याच्या दारात उजेड अडला. मीना उभी होती. अंगावर यांनी घेतलेली पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, आणि ओल्या फरशीवरून घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी निऱ्या वर धरलेल्या. तिच्यामागे लताबाई, लताबाईच्या मागे खंडेराव, घामाघूम झालेला.

"काका, मी खोलीत वाट बघून दमले," ती म्हणाली.

"तुझे मामा आलेत ना," हे म्हणाले.

मीना मागे वळली. "मामा, तुम्ही आलात, आईला बरं वाटलं. मलाही वाटलं. तुम्हीपण चला. पण मला यांनी न्यायचंय. हे नेणार नसतील तर मी इथेच बसते, पुऱ्या लाटता येतात मला."

खंडेरावचा चेहरा उतरला. त्याने लताबाईकडे बघितलं. आणि लताबाई, जी मघापासून मुकी होती, ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "दादा, पोरगी भुकेली होती तेव्हा या माणसाने तिला पान मांडलं. तू दार लावलं होतं." तिने ते भांडून म्हटलं नाही. साधं सांगितलं, आणि म्हणून ते जास्त लागलं असणार.

बाहेर गुरुजींचा आवाज चढला होता. हे आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "पाकाचे हात हायेत माझे. चिकट."

"असू देत," मीना म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

यांनी तो धरला. दोघं निघाले, तसा खंडेराव पुढे झाला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. त्याने सिलिंडरवरचा फेटा उचलला, झटकला आणि यांच्या डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट बसवला. "उघड्या डोक्याने मामा उभा राहत नसतो," एवढंच म्हणाला आणि मीनाच्या दुसऱ्या बाजूने चालायला लागला.

मंगलाष्टका सुरू झाल्या. मी समोरच उभी होते. प्रत्येक 'सावधान'ला लोक अक्षता टाकत होते आणि हे मीनाच्या मागे उभे राहून कधी समईच्या ज्योतीकडे बघत होते, कधी मांडवाच्या कापडाकडे, कधी मीनाच्या पदराकडे. काही पडतंय का, काही विझतंय का, काही पेटतंय का. काही झालं नाही. शेवटची अक्षता पडली, वाजंत्री वाजली, अंतरपाट निघाला आणि मीना मागे वळून यांच्याकडे बघून हसली. तेव्हा कुठे यांनी श्वास सोडला, मला समोरून दिसला तो.

मग पंगत. मानाच्या पंगतीत मुलाचे वडील, त्यांची माणसं, खंडेराव. लताबाईने पानांभोवती रांगोळी काढून घेतली होती. हे मांडवाच्या खांबाजवळ पाण्याचा जग हातात घेऊन उभे होते. जग कधी उचलला कोण जाणे. मी सरळ जाऊन तो काढून घेतला. खंडेराव आपल्या जागेवरून थोडा सरकला आणि शेजारच्या पट्टीवर थापटून म्हणाला, "बसा मामा."

हे बसले. मी यांच्या शेजारी बसले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि पंगतीत माझ्या उजव्या हाताला माझा नवरा बसलाय, हे मला पहिल्यांदाच बघायला मिळत होतं. मला कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण सांगणार काय आणि कोणाला?

मीठ आलं, लिंबू आलं, भाजी, पुरी, वरण-भात. बुंदीची बादली घेऊन अमोल स्वतः आला. यांनी पानावर हात आडवा धरला. "नको, बस."

अमोल पुढच्या पानावर गेला. मग थांबला, एक पाऊल मागे आला आणि वाकला. "काका, परत एकदा विचारतोय."

यांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिले. मग हात बाजूला घेतला. "वाढ," म्हणाले.

एवढ्यात घोटीहून दुसरी गाडी आली. मुलाकडचीच माणसं, उशीर झालेली, भुकेली. ती येऊन आमच्या मागे उभी राहिली आणि जागेचा अंदाज घ्यायला लागली. यांचा घास हातातच राहिला. गुडघा वर आला. मी बाजूने हात घालून तो गुडघा दाबून धरला. जोर लावावा लागला मला. हळूहळू तो खाली गेला.

सुरुवातीला हे नेहमीसारखेच घास गिळत होते. मग हळूहळू चावायला लागले. पुरीचा तुकडा मोडून भाजीला लावून बघितला. बुंदी खाल्ली, मग थोडी परत खाल्ली. इतकी वर्षं वाढलेली बुंदी, चव कशी असते ते आत्ताच कळत असल्यासारखं तोंड झालं होतं. शेवटी दुसऱ्यांदा भात घेतला.

तोवर बाकीच्यांचं आटोपलं होतं. मुलाच्या वडिलांनी पान पुढे सारलं होतं. खंडेराव उष्टा हात गुडघ्यावर उताणा ठेवून शेजारच्याशी कांद्याच्या रोपांबद्दल बोलत होता. हात वाळले होते सगळ्यांचे. मागची मंडळी चुळबुळत होती, आणि त्यांच्या पुढे अमोल दोन्ही हात पसरून उभा होता.

यांना एकदम ते जाणवलं असावं. भात कालवायचा थांबवून यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, पार रांगेच्या टोकापर्यंत. एकही माणूस उठला नव्हता.

"सविता," यांनी अगदी हळू विचारलं, "हे सगळे माझ्यासाठी थांबलेत?"

"मग? पंगत आहे ही," मी म्हटलं. "जेवा सावकाश."

यांनी द्रोणातला मठ्ठा भातावर ओतला आणि कालवायला घेतला.